विश्लेषण : रेड वाइनचे ‘ब्लेण्ड’ ही भेसळ नव्हे, हंगामाचा विमा, पण तो कुणाचा?

बाटलीवर ‘कॅबरने-शिराझ’ अशी दोन नावे दिसली की अनेकांच्या मनात शंका येते : दोन द्राक्षे मिसळली म्हणजे माल कमअस्सल? प्रत्यक्षात जगातील कितीतरी नावाजलेल्या रेड वाइन मिश्रणेच आहेत. नाशिकमध्येही हे मिश्रण चवीइतकेच त्या वर्षीच्या हवामानावर ठरते. त्या हवामानाचा फटका कोण सोसतो, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

दोन जाती कशासाठी?

कॅबरने सोव्हिनॉनचे मणी लहान, साल जाड आणि पिकणे उशिराचे. तिची वाइन तुरट असते. एकटी आणि ताजी असताना जीभ कोरडी पाडते. शिराझ तिच्याआधी तयार होते. ती अधिक रसाळ, मिऱ्याच्या वासाची. दोन्ही वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात आणि नंतर चव घेत प्रमाण ठरवतात. हे प्रमाण दरवर्षी तेच राहील असे नाही.

नाशिकचा हंगाम वेगळा कसा?

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपावा एवढी थंडीच नाही. त्याला हंगाम शिकवावा लागतो तो कात्रीने. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यावर येणाऱ्या काडीत पुढच्या घडांची तयारी होते. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी केली की घड बाहेर पडतात. लाल वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चदरम्यान तोडली जातात.

यातली मेख अशी, की बहुतेक लाल जातींचाही रस रंगहीनच असतो. रंग आणि तुरटपणा येतो सालीतून. मण्यात पाणी उतरते तेव्हा दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा मिळाला तर रंग भरतो, आंबटपणा टिकतो. फेब्रुवारीतच ऊन तापले तर साखर झपाट्याने चढते, आंबटपणा घसरतो आणि साल-बी मागे राहतात. मीटरवर द्राक्ष पिकलेले दिसते, चवीत नाही.

पावसाचे तर विचारूच नका. गोडी छाटणीनंतर तो रेंगाळला तर डाउनी, फुलोऱ्यात आला तर गळ आणि कूज, तोडणीच्या तोंडावर आला तर मणी तडकतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड परिसरात झालेल्या गारपिटीने बागांचे काय केले, हे नाशिककरांना सांगायला नको.

मिश्रणाने काय साधते?

दोन जाती एकाच दिवशी एकाच अवस्थेत नसतात. त्यामुळे एकच पाऊस दोघींना सारखा मारत नाही. कॅबरने नीट पिकली नाही तर शिराझचा वाटा वाढवता येतो. शिराझ फिकी पडली तर कॅबरनेचा. फ्रान्सच्या बोर्दोत हेच गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : तिथे लवकर पिकणारी मर्लो आणि उशिरा पिकणारी कॅबरने यांची जोडी. हवामान तापू लागल्यावर बोर्दोने २०२१ मध्ये तुरिगा नासिओनाल, मार्सलान अशा नव्या जातींनाही मर्यादित मुभा दिली. मिश्रणात जास्तीत जास्त १० टक्के. स्वतःच्या परंपरेबद्दल एवढा हट्टी प्रदेशही हवामानापुढे नियम बदलतो.

मग प्रश्न कुठे आहे?

वाइनरीकडे अनेक बागांचा माल येतो, टाक्या वेगळ्या असतात, जोखीम वाटली जाते. दोन एकरांत एकच जात लावलेल्या शेतकऱ्याकडे असे काही नाही. त्याचा भाव साखरेच्या अंशावर आणि घडांच्या आरोग्यावर ठरतो. शिवाय वाइनची द्राक्षे लहान, बियांची, जाड सालीची. वाइनरीने माल नाकारला तर तो खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात विकता येत नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात द्राक्ष आहे, पण पावसाची भरपाई ठरते ती हवामान केंद्रावरील नोंदीवर आणि गारपिटीच्या संरक्षणासाठी जादा हप्ता भरावा लागतो. पाऊस मात्र शिवार बघून पडतो. एका बांधावर झोड, पलीकडे कोरडे.

म्हणून ‘स्थानिक द्राक्षांची वाइन’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी करारही स्थानिक हवामानाला साजेसा करावा, असे आमचे मत आहे. पहिली गोष्ट, एकाच शेतकऱ्याला लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या दोन जाती लावता येतील अशी खरेदीची हमी. दुसरी, निव्वळ साखरेऐवजी रंग आणि आंबटपणाही मोजून भाव. तडकलेल्या, कुजलेल्या घडांची चांगली वाइन होत नाही, हे खरेच; पण उन्हामुळे अंश पुढे-मागे झालेला निरोगी माल मिश्रणात खपतो, तर त्याची पूर्ण कपात शेतकऱ्याच्या माथी का?

ग्राहकाच्या हातातही थोडे आहे. युरोपीय संघात लेबलवर वर्ष छापायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या वर्षाची असावी लागतात. आपल्याकडे बाटली घेताना वर्ष आणि दोन्ही जातींचे प्रमाण लेबलच्या मागच्या बाजूला शोधावे. नसेल तर दुकानदाराला विचारावे. दोन लागोपाठच्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या, तर कोणत्या वर्षी ऊन लवकर तापले हे बऱ्याचदा जिभेलाच कळते.