एक एकर तारण ठेवण्याआधी

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात पट्टीचा पोहणारा पोरगा आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

परवा एक पोरगा वडिलांना घेऊन आला. प्रवरेकाठचा. गावात कुणी विहिरीत, बंधाऱ्यात बुडालं की पहिला फोन यालाच. मोबाईलवर जाहिरात दाखवली: कमर्शियल डायव्हिंगचा कोर्स, लाखात पगार, नोकरीची हमी. फी काही लाख. वडील म्हणाले, "भाऊ, पतसंस्थेत एक एकर तारण ठेवतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. धंदा खरा आहे. पूल, धरणाचे दरवाजे, बंदरं, जहाजांचे तळ, तेलाच्या पाइपलाइनी, सगळीकडे पाण्याखाली वेल्डिंग, कटिंग, तपासणी चालते. पण पोहता येणं आणि पाण्याखाली मजुरी करणं यात फार अंतर आहे.

पहिला घोळ सर्टिफिकेटचा. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकवतात, चांगलं शिकवतात. पण स्कूबाचं कार्ड हे पर्यटनाचं. कामाच्या डायव्हरला वरून नळीने हवा मिळते, हेल्मेटमध्ये फोन असतो, वर दुसरा डायव्हर तयार उभा असतो. याला सरफेस सप्लाय म्हणतात. समुद्रातल्या मोठ्या कंपन्या आयएमसीए या कंत्राटदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता बघतात. ती यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. म्हणून आधी सर्टिफिकेट बघा, मग संस्था. संस्थेच्या माणसाला सरळ विचारा: यादीत तुमचं सर्टिफिकेट कुठे आहे, दाखवा. तो चहा मागवून विषय बदलायला लागला की उठायचं.

दुसरं, पगार. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर. तिथे पाणी सत्तर-ऐंशी मीटर खोल. साध्या हवेवर साधारण ५० मीटरपर्यंतच काम करतात. त्याखाली सॅच्युरेशन डायव्हिंग लागतं, आणि ते अनुभव घेतल्यावरच शिकता येतं. जाहिरातीतला लाखाचा आकडा बहुतेक त्या माणसांचा असतो. नवीन पोराच्या वाट्याला आधी वरची नळी धरायचं काम येतं. रोजावर. पावसाळ्यात समुद्र खवळला की बरीच कामं बंद. पतसंस्थेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू.

तिसरं, फी भरण्याआधी मेडिकल. कान, फुप्फुसं, दमा. डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्या. फी भरल्यावर अनफिट निघालं तर एकर कोण सोडवणार?

आणि चौथं, जे आपल्या जिल्ह्याला जास्त लागू आहे. भंडारदरा, निळवंडे, मुळा. धरणाच्या पाण्यात दहा मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो जादा दाब असतो. दरवाज्याला फूट बाय फूट भोक असेल आणि पलीकडे पाणी नसेल, तर तिथे अडकलेल्या माणसावर नऊशे किलोच्या वर जोर येतो. दंडाच्या ताकदीने तो सुटत नाही. शिवाय आपला भाग समुद्रसपाटीपासून उंच. अंगातला नायट्रोजन काढायचे समुद्रावरचे तक्ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. हे जी संस्था शिकवते, तीच खरी.

मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला आलेली एसडीआरएफची बोट उलटली. तीन जवान गेले. शिकलेली माणसं होती ती. पाणी शिकलेल्यालाही सोडत नाही, मग न शिकलेल्या पोराला आपण कुणाच्या भरवशावर आत ढकलतो?

म्हणून प्रशासनाकडेही एक मागणी. गावोगावच्या या पोरांची तालुकावार नोंद करा. दोर, लाइफ जॅकेट, प्रशिक्षण, विमा आणि मानधन द्या. प्रेत काढल्यावर नारळ-टॉवेल देऊन सत्कार पुरे झाले. यातल्याच दहा जणांना मान्यताप्राप्त कोर्सला पाठवलं, तर धरणांच्या कामालाही घरचा माणूस मिळेल.

पोराने अजून फी भरलेली नाही. आठ दिवस थांब म्हटलंय. तुमच्या ओळखीत समुद्रावर काम केलेला कुणी डायव्हर असेल तर कमेंटमध्ये कळवा. त्याच्याशी बाप-लेकाला बोलू द्या. मग काय ते ठरवतील.