किल्ली कोणाच्या हाती?

तालुक्याच्या गावातील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकाशी सकाळी सात वाजता उभे राहावे. अकरावी-बारावीची मुले दुचाकींवरून येताना दिसतात. एकेका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही आणि खिशात परवाना नाही. परवाना असणे शक्यही नाही. कारण त्यांतील बहुतेकांनी अठरावे वर्ष ओलांडलेले नसते. आवारात गाडी आणण्यास मनाई असल्यामुळे ती समोरच्या चहाच्या टपरीमागे उभी राहते. नियम पाळल्याचे समाधान संस्थेला लाभते, मुलांचीही सोय होते. या तडजोडीत महामार्गाचा विचार मात्र कोणीच केलेला नसतो.

तो करावयास हवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातील होते. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या अवघी दोन टक्क्यांच्या आसपास. पण एक-तृतीयांशाहून अधिक बळी त्यांवर गेले. दुचाकीवरील मृतांचे प्रमाण तर चाळीस टक्क्यांच्याही वर होते. रस्ते रुंद झाले, वाहनांचा वेग वाढला. परंतु शेताच्या बांधावरून निघालेली वाट अजूनही थेट महामार्गालाच येऊन मिळते. दुभाजकातील फट दूर म्हणून उलट दिशेने गाडी हाकली जाते. गळीत हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. सोळा वर्षांच्या मुलाला गाडी चालविता येते, हे खरे. समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज घेण्यास जी परिपक्वता लागते, ती मात्र हँडल धरता येण्याबरोबर आपोआप येत नाही.

कायदा याविषयी मुग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास मनाई केली आहे. सोळा वर्षांनंतर सवलत आहे ती केवळ पन्नास सी.सी.पर्यंतच्या दुचाकीपुरती. ही सवलत मोपेडच्या जमान्यातली. आज खेड्यातील घरोघरी दिसणारी मोटारसायकल शंभर सी.सी.च्या पुढची असते. २०१९ च्या दुरुस्तीने तर जबाबदारी थेट पालकावर किंवा वाहनमालकावर टाकली. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, इतकी कडक ही तरतूद आहे.

तरीही टपरीमागील गाड्या कमी झालेल्या दिसत नाहीत. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते. ज्या शिक्षेने अल्पभूधारकाचे घर उद्ध्वस्त होईल, ती देण्यास नाक्यावरचा शिपाईही कचरतो. मग समज देऊन किंवा किरकोळ दंडावर प्रकरण मिटते. अपघातानंतरचा हिशेब मात्र असा मिटत नाही. विमा कंपनीने मृताच्या वारसांना भरपाई दिली, तरी चालक विनापरवाना असल्यास ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये तिला देत आली आहेत. रोज वाचणाऱ्या अर्ध्या तासाची किंमत अशा वेळी एखाद्या एकर जमिनीत मोजावी लागते. आणि दुसऱ्या घरातला गेलेला कर्ता माणूस त्यानेही परत येत नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेल्या जामिनाने देश संतप्त झाला. तो संताप रास्तच होता. परंतु जिल्हा पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत येणाऱ्या अपघातांचे कारण निराळे आहे. तिथे चैन होती. इथे पुष्कळदा निकड आहे.

ही निकड एस.टी.शी निगडित आहे. विद्यार्थ्यांना सवलतीचे पास आहेत, मानव विकास कार्यक्रमाखाली अनेक तालुक्यांत मुलींसाठी मोफत गाड्या आहेत, २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. तथापि सवलतीचा उपयोग गाडी वेळेवर आली तरच. महाविद्यालय सातला भरते आणि गाडी आठला येते, तेथे पास हा निव्वळ कागद ठरतो. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या काळात मुलाच्या हाती दिलेली किल्ली संप मिटल्यावर परत घेणे फारशा घरांना सोपे गेले नसावे.

अर्थात सारा दोष एस.टी.च्या माथी मारणे हीदेखील पळवाटच होय. गावात दोन वेळा गाडी येत असूनही दुचाकी दिली जाते, ती कौतुकापोटी. ‘आमचा पोरगा आठवीपासून ट्रॅक्टर चालवतो’ हे वाक्य आजही अभिमानाने उच्चारले जाते आणि ऐकणाराही मान डोलावतो. ही मान डोलावणे थांबले नाही, तर कोणतेही कलम अपुरेच पडेल.

उपाय अवघड नाहीत. जूनमध्ये प्राचार्य आणि आगार व्यवस्थापक यांनी एकत्र बसून गाड्यांच्या आणि तासिकांच्या वेळा जुळवाव्यात. गाडी लवकर येणे शक्य नसेल, तर तासिका उशिरा सुरू करावी. शिक्षकांनी आपली जबाबदारी फाटकापाशी संपते असे मानू नये. टपरीमागील गाडी कोणाची, हे त्यांना पुरेपूर ठाऊक असते. पालक सभेत गुणपत्रिकेबरोबर हाही विषय निघावा. आणि अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला परवान्यासाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटे पडू नयेत, म्हणून परिवहन कार्यालयाने तालुक्यातील शिबिरे नियमित भरवावीत. एवढे झाल्यावर नियमाचा बडगा उगारण्याचा नैतिक अधिकार शासनाला प्राप्त होईल. तोवर किल्ली खुंटीवर ठेवण्याचे काम घरालाच करावे लागणार आहे.