परत आलेल्यांचे ऋण

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ वीरांचे स्मारक आहे. पण जे परत आले, त्यांचे काय?

माझे वडील परत आले. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या लढाईत ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. त्याविषयी एवढेच म्हणत, ‘शेजारचा पडला, मी उरलो.’ निवृत्तीनंतर त्यांनी रात्रपाळीचा पहारा करून ताईला शिकवले, आईच्या आजारपणात भाकऱ्या थापल्या. झेंडावंदनाला मात्र मागच्या रांगेत उभे असत. पुढे या, असे कोणी म्हटले नाही. मीही नाही.

हुतात्म्यांपुढे आपण नतमस्तक होतोच. पण उरलेले आयुष्य घरासाठी वेचणारा असा जवान तुमच्या आळीत असेल, तर त्याला आजच पुढे बोलवा. माझी वेळ गेली.