एक्सप्लेनर : मुलांचे पुस्तक नेमके कोणी निवडायचे? आणि त्यासाठी वेगळे दुकान कशाला?

अहिल्यानगर : जून आला की नगरमधल्या पुस्तकांच्या दुकानांत गर्दी होते. पाठ्यपुस्तके, वह्या, गाईड एकाच पिशवीत येतात. गोष्टीचे पुस्तक मात्र 'परीक्षा झाल्यावर बघू' म्हणून मागे राहते. पुढे 'मुले वाचतच नाहीत' ही तक्रारही त्याच घरातून येते.

चुकते कुठे?

पुस्तक मुलाचे, पण निवड मोठ्यांची. 'यातून काय शिकायला मिळेल?' हाच पहिला प्रश्न असतो. त्यामुळे बोधकथा, चरित्रे आणि सामान्यज्ञान घरी येते. ती वाईट नाहीत. पण फक्त तीच मिळाली, तर वाचन हा आणखी एक विषय होतो. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' किंवा दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मुलांनी वाचला तो मजा आली म्हणून.

निवड कशी करावी?

• मुलाला मधले एखादे पान वाचू द्या. पाचाहून जास्त शब्द अडले, तर ते पुस्तक सध्या ठेवून द्या.
• छापलेल्या वयोगटापेक्षा मुलाची आवड पाहा.
• लहानग्यांसाठी चित्रे महत्त्वाची. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तके यासाठी पाहावीत.
• कॉमिक हेही वाचनच आहे.
• आवडले नाही तर सोडू द्या. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पुस्तक अर्धवट सोडणे हा त्यातलाच एक.

खास दुकानाचा फायदा काय?

ऑनलाइन सवलत मिळते, पण तिथे जास्त खपलेलेच पुढे येते. मुंबईतील 'कहानी ट्री'सारख्या फक्त मुलांच्या पुस्तकांच्या दुकानाचे बळ वेगळे असते. तिथे विकणाऱ्याला पुस्तके माहीत असतात. 'मागचे कोणते आवडले?' असे तो मुलालाच विचारू शकतो. मुलाला जमिनीवर बसून पाने चाळता येतात.

नगरमध्ये हे जमेल?

असे दुकान चालवणे सोपे नाही. चित्रांची पुस्तके छापायला महाग, खप कमी आणि दुकानाचा गल्ला शालेय पुस्तकांवरच भरतो. पण सुरुवात एका कोपऱ्यातूनही होते. आहे त्याच दुकानात मुलांच्या उंचीचे एक कपाट असावे, पुस्तकांची मुखपृष्ठे समोर दिसावीत आणि ती वाचलेला एक माणूस तिथे असावा. अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचे. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या शहराला एवढे जड नाही.

पालकांचे कामही छोटेच आहे. वह्यांच्या यादीत एक पुस्तक वाढवायचे आणि ते मुलाला निवडू द्यायचे. मुलाने भुताची गोष्ट उचलली, तरी 'हे कशाला?' म्हणायचे नाही.