अलंकार आणि खूण

घरांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे तिच्यामागून एखादा नवा वादहि येतो, असा आमच्या कुटुंबाचा जुना अनुभव आहे. गेल्या श्रावणांत आमच्या कामणच्या घरीं युकुलेले नांवाचें एक चिमुकलें तंतुवाद्य आलें, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या वादानें इतरांस नसलें तरी मला थोडेंसें शहाणपण शिकविलें. तें वाचकांच्या कानांवर घालावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

युकुलेले म्हणजे सुमारें एकवीस इंच लांबीची, नायलॉनच्या चार तारांची धाकटी गिटार म्हटली तरी चालेल. त्याचें मूळ पोर्तुगालच्या मदीरा बेटांत आहे. १८७९ सालीं ‘रेव्हन्सक्रॅग’ नांवाच्या जहाजांतून मदीरेचे कांहीं लोक ऊंसाच्या मळ्यांवर मोलमजुरी करण्यासाठीं हवाई बेटांतील होनोलूलू बंदरीं उतरले. त्यांत मान्युएल नुनीझ, ऑगस्टो डियाज व जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकामाचे कारागीर होते. आपल्या गांवच्या ‘मशेत’ नांवाच्या वाद्यावरून त्यांनीं हवाईंतील कोआ लाकडाचें जें वाद्य घडविलें, तेंच पुढें युकुलेले म्हणून प्रसिद्ध झालें. हवाई भाषेंत या नांवाचा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. १५३४ पासून १७३९ पर्यंत ज्या वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, तिच्या रहिवाशांनीं हें वाद्य अगदींच परकें म्हणूं नये, असें मी विनोदानें घरांत म्हणत असें.

आमची अकरा वर्षांची नात हें वाद्य शाळेंतील एका मैत्रिणीचें पाहून मागूं लागली. मुलगी एका तारेवर भजनें बसवूं लागली, तेव्हां सर्वांसच आनंद झाला. पुढें एके दिवशीं तिनें बाजारांतून एक स्टिकरांचा ताव आणला. त्यावर वेली, पानें, पक्षी आणि एक मोठा मोर असून तीं सर्व चित्रें शिंपल्याच्या जडावासारखीं झगमगत होतीं. दुपारभर खपून तिनें तीं वाद्यावर चिकटविलीं आणि मोठ्या उत्साहानें तें माझ्यापुढें आणून धरलें.

मीं चष्मा वर केला आणि म्हणालों, “बाळ, हे नाटकवाल्यांचे दागिने झाले. खरें जडावकाम म्हणजे लाकूड कोरावें, त्या खांचेंत शिंपला तंतोतंत बसवावा, आणि वरून हात फिरविला तर जोड लागूं नये. हें तर नुसतें वरचें सोंग आहे.”

मुलगी कांहीं बोलली नाहीं. परंतु तिची आजी भाजी निवडतां निवडतां म्हणाली, “अहो, माझ्या तंबोऱ्यावरची पांढरी वेल तुम्हीं चाळीस वर्षें वाखाणलीत. ती तरी हस्तिदंती कुठें आहे?”

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. तो तंबोरा मिरजेचा. एकोणिसाव्या शतकांत तेथें फरीदसाहेबांपासून सतारी व तंबोरे घडविण्याची परंपरा सुरूं झाली, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. पूर्वीं उंची वाद्यांवर हस्तिदंताचें काम होत असे. परंतु सेल्युलॉइड व पुढें प्लॅस्टिक यांच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या, आणि कारागीर त्यांवर नक्षी कोरून तींत रंग भरूं लागले. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यास १९८६ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें भारतीय हस्तिदंताचा व्यापारहि बंद केला. हत्तीचा जीव वांचला आणि तंबोऱ्याचा नाद तर तसूभरहि उणा झाला नाहीं. अमेरिकेंतहि गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत स्वस्त वाद्यांवर शिंपल्याऐवजीं सेल्युलॉइड बसवीत, आणि त्याहून स्वस्त वाद्यांवर छापील चित्रें उठवीत. म्हणजे ज्याला मी सोंग म्हणालों, त्याच्या मागें शंभर वर्षांचा इतिहास होता.

वादांत मी हरलों खरा, परंतु मनांतून हटलों नाहीं. आणि गोकुळाष्टमीच्या रात्रीं मला माझ्या म्हणण्याचा पुरावा मिळाल्यासारखें वाटलें. जन्माच्या वेळीं सारें घर जमलें होतें, बाहेर तुंगारेश्वराच्या डोंगरावरून पाऊस कोसळत होता, आणि मुलीनें खमाजाच्या वळणाचें एक भजन वाजवावयास घेतलें. मोकळी तार षड्ज धरून तिनें तें बसविलें होतें. पंचमापर्यंत सर्व ठीक चाललें, परंतु कोमल निषादावर जावयाचें तेथें धैवत वाजला. तिनें पुन्हां प्रयत्न केला, पुन्हां धैवतच. धाकटीं मुलें हंसलीं. मुलीनें वाद्य खालीं ठेवलें आणि आंत निघून गेली. दुसऱ्या दिवशीं तें पिशवींत बंद होऊन माळ्यावर गेलेलें दिसलें.

त्या रात्रीं मीं स्वतःशींच म्हटलें होतें, ‘नटण्यामुरडण्यांत लक्ष गेलें म्हणजे असेंच व्हावयाचें.’ हें वाक्य शाळेंत मीं किती मुलांस ऐकविलें असेल याची गणती नाहीं. परंतु माळ्यावरची ती पिशवी कांहीं केल्या मनांतून जाईना. शेवटीं वाद्य खालीं काढलें, फूटपट्टी घेतली आणि ओटीवर बसून तें नीट पाहिलें. आधीं पाहावयास हवें होतें तें तेव्हां पाहिलें.

वाद्याच्या दांडीवर धातूचे आडवे पडदे असतात. संस्कृत ग्रंथांत यांसच सारिका म्हटलें आहे. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असल्यामुळें सरकवितां येतात. युकुलेलेचे मात्र कायमचे बसविलेले असतात, म्हणून दोन पडद्यांमधील घरांत बारीक ठिपके देण्याची चाल आहे. हे ठिपके शोभेचे नव्हेत; त्या खुणा आहेत. डोक्याकडील पट्टीपासून घोडीपर्यंत या वाद्याची तार साडेतेरा इंच भरली. बारावा पडदा बरोबर तिच्या मध्यावर, म्हणजे पावणेसात इंचांवर होता. तेथें तार षड्ज. सातवा साडेचार इंचांवर, म्हणजे एकतृतीयांशावर, तेथें पंचम. पांचवा सुमारें चतुर्थांशावर, तेथें मध्यम. आणि दहाव्यावर कोमल निषाद. युकुलेलेवर सामान्यतः खुणा असतात त्या याच चार ठिकाणीं: पांचव्या, सातव्या, दहाव्या आणि बाराव्या घरांत.

आतां स्टिकरांकडे पाहिलें. पक्षी तिसऱ्या, पांचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या घरांत बसले होते, आणि दहाव्या घरांतील मूळ ठिपक्यावर वेलीचें पान आलें होतें. तावाचें वेष्टन शोधून काढलें, तों त्यावर गिटारचें चित्र! गिटारवर खुणांचा क्रम हाच असतो. पक्षी या दांडीस रुंद झाले म्हणून मुलीनें ते कडेनें कातरलेहि होते. तें कातरकाम माझ्या डोळ्यांस पहिल्याच दिवशीं दिसलें होतें. परंतु ‘हें कां कातरलेंस?’ एवढा प्रश्न विचारण्याऐवजीं मीं उपदेश केला. मुलीचें बोट खुणेवर बरोबर पडलें होतें. खूणच एक घर चुकली होती.

मुलीस हांक मारून मीं सर्व दाखविलें आणि म्हटलें, “बाळ, चूक तुझ्या हाताची नव्हती. आणि तुला न विचारतां बोललों, ती चूक माझी.” ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहात राहिली. मग म्हणाली, “मग आजोबा, पक्षी दहाव्यावर नेऊं या का?”

तें काम आम्हीं दोघांनीं मिळून केलें. ज्या घरांत असें वाद्य असेल त्यांस उपयोग होईल म्हणून कृति सांगतों. प्रथम तारा सैल कराव्या. जुना स्टिकर केस वाळविण्याच्या यंत्राच्या मंद ऊबेनें सैल करून हळूच सोलावा. स्पिरिट लावूं नये, पॉलिश जातें. दांडी पिळून घेतलेल्या फडक्यानें पुसून पूर्ण कोरडी करावी; तेलाचा अंश राहिला तर गोंद धरत नाहीं, आणि आमच्याकडील पावसाळी दमटपणांत तर मुळींच नाहीं. घर मोजून मध्य काढावा, स्टिकर चिमट्यानें धरून ठेवावा, आणि कापडानें मधून कडेकडे दाबावा. पडद्यावर त्याची कड चढूं देऊं नये. घोडीजवळच्या पातळ फळीवरचा मोर मात्र आम्हीं काढला. एका पातळ स्टिकरानें नादांत फारसा फरक पडत नाहीं, परंतु कंप पावणाऱ्या फळीवर थर चढविण्याची संवय बरी नव्हे. मोर आतां पिशवीवर विराजमान आहे. पुन्हां चढविलेल्या नायलॉनच्या तारा एकदोन दिवस उतरत राहतात; तेवढा धीर धरावा.

अलंकार अस्सल कीं नकली, या प्रश्नावर मीं आयुष्यांत पुष्कळ शब्द खर्च केले. आतां वाटतें कीं त्याच्या आधीं विचारण्याचा एक प्रश्न आहे: तो योग्य ठिकाणीं आहे ना? कागदासारख्या पातळ पक्ष्यानें बोटास कोमल निषाद दाखविला तर त्याचें काम झालें. आणि हस्तिदंताचा पक्षी एक घर चुकला तर त्याचें मोल वाद्यास काय? वडीलधाऱ्यांचा उपदेशहि अशीच एक खूण आहे. ती मोजून लावली नाहीं, तर लेंकरूं तिच्यावर विश्वासून बोट ठेवतें आणि सूर मात्र चुकतो.

गणपतींत तेंच भजन पुन्हां झालें. निषाद लागला तेव्हां मुलीनें वाद्यावरची नजर काढून एकवार माझ्याकडे पाहिलें. तिच्या आजीनें, अर्थात्, आम्हां दोघांकडे.