बोलण्याची सक्ती आणि बोलण्याचा हक्क



मागच्या 14 एप्रिलला मालवण तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत सत्कार ठरला होता. वाडीतला एक मुलगा गोव्यात एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्याचा फोटो टाकून बॅनर लावायचा, त्याने दोन शब्द बोलायचे आणि व्हिडिओ सगळीकडे पाठवायचा, असा बेत होता. आदल्या रात्री त्याचा फोन आला, "दादा, बॅनर नको. थंय क्लबात कोणाक माझी जात ठावक नाय."

ग्रुपवर लगेच भडका उडाला. "बाबासाहेबांमुळे इथपर्यंत आला आणि आता जय भीम म्हणायला लाजतो!" खरे सांगतो, पहिल्या क्षणी मलाही राग आला. पण रात्रभर विचार केल्यावर प्रश्न उलटा दिसू लागला. खेळाडूने बोललेच पाहिजे, असे आपण म्हणतो. पण बोलल्यानंतर त्याचे काय होते, याची जबाबदारी कोण घेतो?

व्यावसायिक खेळात बोलणे ही करारातली अट असते. सामना संपला की जाहिरातदारांच्या फलकासमोर उभे राहायचे आणि विचारतील त्याची उत्तरे द्यायची. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, मार्शॉन लिंच नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू पत्रकारांशी बोलायचे टाळत असे. 2014 मध्ये लीगने त्याच्यावर 1 लाख डॉलरचा दंड लावला. 2015 च्या सुपर बोलआधी तो पत्रकारांसमोर बसला आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत राहिला: दंड होऊ नये म्हणून मी इथे आलो आहे.

आता त्याच लीगमधला दुसरा खेळाडू बघा. कॉलिन केपर्निक 2016 मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला. पत्रकारांनी कारण विचारले तेव्हा त्याने स्पष्टपणे सांगितले. त्या हंगामानंतर एकाही संघाने त्याला करार दिला नाही. जो बोलला नाही त्याला दंड आणि जो खरे बोलला तो बेरोजगार! या लीगला खेळाडूचा आवाज हवा होता, पण तो मालकाच्या सोयीचा.

आपल्याकडेही हेच आहे. मार्च 2023 मध्ये इंडियन सुपर लीगच्या सामन्यात बेंगळुरूचा गोल पंचांनी मान्य केला म्हणून केरळा ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. फुटबॉल महासंघाने त्यांना 4 कोटींचा दंड केला आणि जाहीर माफी मागितली नाही तर तो 6 कोटी होईल असे बजावले. संघाने मैदान सोडणे योग्य होते असे मी म्हणत नाही. पण 2 कोटींची टांगती तलवार ठेवून मागवलेली माफी ही माफी असते का?

जे सत्तेत आहेत ते शब्द वसूल करतात आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासमोर मात्र माईक येत नाही. याचे सगळ्यात जुने आणि जवळचे उदाहरण आपल्याच कोकणातल्या आडनावाचे आहे. पालवण गावावरून आलेले आडनाव, पालवणकर. खेळ फुटबॉल नव्हे, क्रिकेट. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर त्या काळातले देशातले अव्वल फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांसोबत खेळताना चेंडू सगळ्यांचा एक आणि बाळूंचा चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांना कोणत्या पत्रकाराने विचारले असेल, "बाळू, बाहेर बसून चहा पिताना कसे वाटते?"

1920 मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळले गेले आणि त्यांचे भाऊ विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि त्यामागचे कारण सांगणारे निवेदन वर्तमानपत्रात दिले. जातीमुळे आम्हाला डावलले जाते, हे खेळाडूंनी जाहीरपणे मांडले. त्यावर मोठी चर्चा झाली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलवावे लागले आणि उपकर्णधारपदही द्यावे लागले. पुढे 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. बाळू पुढे 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हे आपल्याला माहीत आहे. त्याने 1920 चा अन्याय लहान होत नाही आणि त्या निवेदनाचे मोलही कमी होत नाही.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे बोलणे सक्तीचे नव्हते. केव्हा बोलायचे आणि काय बोलायचे, हे त्या भावांनी ठरवले. दोन, ते एकटे नव्हते. एकाचा अपमान झाला तेव्हा दुसऱ्याने स्वतःची जागा सोडली.

तेच 1920 साल बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चे. 31 जानेवारीला पहिला अंक निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पत्राचे नावच बघा. समाज मुका का, म्हणून बाबासाहेब त्याच्यावर रागावत बसले नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी वर्तमानपत्र काढले. आणि आपण काय करतो? आपल्या पोरांच्या पाठीशी काहीही उभे न करता त्यांना मोबाईलवर विचारतो, "तू गप्प का?"

त्या मुलाची भीती काल्पनिक नाही. 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडले गेले आणि संघात दलित खेळाडू जास्त आहेत म्हणून हरलो, असे बोलले गेले. वंदनाने कुठलाही बॅनर लावला नव्हता. जातच तिच्या दारात चालून आली. देशासाठी गोल करणाऱ्या मुलीचे हे होत असेल, तर वर्षाच्या करारावर खेळणाऱ्या आमच्या वाडीतल्या पोराने काय समजायचे?

काहीजण म्हणतील, मग खेळाडूंनी कधी बोलूच नये का? तसे नाही. ज्याच्याकडे कोटींचे करार आहेत, ज्याच्या एका शब्दाने मंत्री दखल घेतो, त्याला आपण जाब विचारलाच पाहिजे. मालक, महासंघ, निवड समिती यांनी तर रोज पत्रकारांसमोर बसावे. उत्तर देण्याचे बंधन सत्तेच्या प्रमाणात वाढले पाहिजे. आज ते उलटे आहे. विसाव्या वर्षी पेनल्टी चुकवणारा पोरगा कॅमेऱ्यासमोर घाम पुसत उत्तर देतो आणि पगार थकवणारा मालक कुठे दिसत नाही.

2025 मध्ये इंडियन सुपर लीगचे भवितव्य अधांतरी झाले, काही क्लबांनी पगार थांबवले. तेव्हा खेळाडूंनी एकच निवेदन एकाच वेळी आपापल्या खात्यावरून प्रसिद्ध केले. सुनील छेत्रीपासून नवख्यापर्यंत सगळ्यांचे शब्द तेच. एकट्याला गप्प करता येते, सगळ्यांना नाही. पगारासाठी जी एकजूट झाली, ती ड्रेसिंग रूममधल्या जातीवाचक शिवीविरुद्ध होईल का, हा प्रश्न आपण खेळाडूंच्या संघटनांना विचारला पाहिजे. जातीय छळाची तक्रार केल्यावर करार मोडला जाणार नाही, अशी अट करारात असावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

आणि आपल्या पातळीवर? सिंधुदुर्गातून गोव्यात, मुंबईत, कोल्हापुरात खेळायला गेलेल्या आपल्या मुलांची आधी विचारपूस करूया. करार वाचून द्यायला एक वकील, अडचणीत फोन करायला दोन नंबर आणि दुखापत झाली तर थोडा निधी, एवढे तरी तालुक्यात उभे करूया. त्यानंतर त्याने जय भीम म्हणायचे की नाही, ते तो ठरवेल.

14 एप्रिलला आम्ही बॅनर लावला नाही. तो आला, वंदना घेतली, मुलांच्या पंगतीत जेवला आणि संध्याकाळी वाडीतल्या पोरांना खळ्यात चेंडू अडवायला शिकवत बसला. कोणी माईक पुढे केला नाही. जाताना मला म्हणाला, "दादा, पुढल्या वर्षी बघूया."

पुढच्या वर्षापर्यंत आपल्याला बरेच काम आहे.

जय भीम!