महाग सलाईन म्हणजे चांगले सलाईन नव्हे

डेव्हन ॲव्हेन्यूवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा आपण निवडून घेतो. पण घरचे माणूस आय.सी.यू.मध्ये असले की "डॉक्टर, खर्चाचे पाहू नका, भारीतले द्या" म्हणून मोकळे होतो. सेप्टिक शॉकच्या बाबतीत तरी हा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून शिरेतून द्रव देतात. स्टार्चचा द्रव रक्तात जास्त टिकतो, म्हणून एके काळी तो सरस मानला जाई. २०१२ साली स्कँडिनेव्हियात सुमारे ८०० रुग्णांवर तुलना झाली. ९० दिवसांत स्टार्च घेतलेल्यांपैकी ५१ टक्के दगावले, तर रिंगर्स ॲसिटेट या साध्या द्रवावरचे ४३ टक्के. २०१३ मध्ये एफडीएने स्टार्चविरुद्ध कडक इशारा दिला.

अल्ब्युमिन मानवी रक्तापासून बनते आणि खूप महाग असते. २००४ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आय.सी.यू.तील सुमारे ७,००० रुग्णांत ते आणि साधे सलाईन यांची तुलना झाली, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. रिंगर्स लॅक्टेटसारखे द्रव सलाईनपेक्षा थोडे बरे, असा २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा कल आहे. तेही स्वस्तच!

मग महत्त्वाचे काय? वेळ. शॉकमध्ये अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात आणि पहिल्या तीन तासांत किलोमागे निदान ३० मिली द्रव, असे हीच मार्गदर्शिका सुचवते. म्हणजे ६० किलोच्या आजोबांना १,८०० मिली. इलिनॉयमध्ये तर २०१६ च्या 'गॅबीज लॉ'नुसार इस्पितळांना सेप्सिसची लेखी कार्यपद्धती ठेवावीच लागते.

तेव्हा ताप किंवा थंडी वाजून येण्याबरोबर बरळणे, धाप, लघवी कमी होणे दिसले तर "सकाळी बघू" म्हणू नका, ९११ ला फोन करा. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीच सांगा. कोणता द्रव द्यायचा हे डॉक्टर ठरवतील. आपण "अँटिबायोटिक सुरू झाले का?" एवढे जरूर विचारावे.

आणि पैशाचे म्हणाल, तर बिल फुगते ते आय.सी.यू.तील दिवसांमुळे. भारतातून आई-वडील येण्यापूर्वी त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आय.सी.यू.ची रोजची मर्यादा किती आणि जुन्या आजारांना संरक्षण आहे का, हे नीट वाचा. भारीतले घ्यायचेच असेल, तर ती पॉलिसी घ्या!